तारांकित बाळं

डॉक्टर मालती मंगळवेढेकरांच्या दवाखान्यातला संगणक घरघरायला लागला, तेव्हा कंपाउंडर रहिमतुल्लाभाईंनी आधी त्याला खिडकीपासून लांब सरकवलं. भवानी पेठेतल्या यंत्रमागांच्या धुळीने माणसाची छाती भरते, तर मशीनची का भरू नये, असं त्यांचं म्हणणं. दोन दिवस बरं वाटलं. मग पडद्यावर अक्षरांऐवजी आडव्या रेघा यायला लागल्या आणि डॉक्टरबाईंनी निदान केलं, “वय झालंय त्याचं. जीव आहे तोवर आतलं सगळं बाहेर काढून घ्या.”

आतलं सगळं म्हणजे पेठेतल्या बाळांची नावं, आईबापांचे फोन नंबर, जन्मतारखा, वजनं आणि कुणाचा कुठला डोस झाला याची माहिती. बाईंनी या पेठेतल्या दोन पिढ्यांना सुया टोचल्या होत्या. त्यांचा शब्द असा होता की, ‘बाई बोलावतायत’ एवढं ऐकलं की आई चुलीवरचं उतरवून निघायची. मात्र मूल बारा वर्षांचं झालं की बाई त्याला सरळ दुसऱ्या डॉक्टरकडे पाठवायच्या आणि रहिमतुल्लाभाईंना सांगायच्या, “काढून टाक नाव.” ते बटण दाबायचे, नाव पडद्यावरून जायचं आणि विषय संपायचा. निदान सगळ्यांना तसं वाटायचं.

हे काम भार्गवीकडे आलं. नातेपुत्याची ही मुलगी पुण्यातली नोकरी सोडून सोलापुरात आली होती आणि तिने स्वतःचं सॉफ्टवेअरचं काम सुरू केलं होतं. बाई तिचं पहिलं गिऱ्हाईक. काम नीट झालं तर गल्लीतले बाकीचे डॉक्टरही बोलावणार होते. बिघडलं तर वडील नातेपुत्याहून बँकेच्या परीक्षांची पुस्तकं घेऊन एसटीत बसणार होते. पुस्तकं आणून ठेवलेलीच होती, फक्त बसायचं बाकी होतं.

संगणकातली माहिती एका जुन्या फाइलमध्ये होती. भार्गवीने ती आपल्या लॅपटॉपवर उतरवून उघडली आणि कपाळाला हात लावला. रकान्यांची नावं होती ‘टेम्प’, ‘टेम्प टू’, ‘टेम्प फायनल’ आणि ‘टेम्प फायनल नवीन’. कुठल्या रकान्यात काय आहे, हे ज्याने प्रोग्राम लिहिला त्यालाच ठाऊक असणार. रहिमतुल्लाभाईंनी त्याचा नंबर शोधून दिला. एकनाथ नावाचा तो माणूस आता करकंबला राहत होता.

“हॅलो, एकनाथसर? मी भार्गवी. मंगळवेढेकरबाईंच्या दवाखान्याचा प्रोग्राम तुम्हीच लिहिला होता ना?”

पलीकडे आधी पाखरं हाकलल्याचा आवाज आला. मग उत्तर आलं. “लिवला असंल. का? बंद पडला का काय?”

“रकान्यांची नावं कळत नाहीत हो. टेम्प फायनल आणि टेम्प फायनल नवीन यांत फरक काय?”

“फरक म्हंजे... त्यो नवीन हाय की.”

“पण त्यात भरलंय काय?”

“ताई, मी आता बोरीची बाग बघतो. मान दुखायची थांबली, झोप लागायला लागली. ते सगळं मला आटवाया लावू नका.” आणि फोन ठेवला गेला.

मग भार्गवीने स्वतःच कंबर कसली. नावं मराठीत होती, पण ज्या फाँटमध्ये ती लिहिली होती तो फाँट आता कुठेच मिळत नव्हता. त्यामुळे एखाद्या बाळाचं नाव म्हणजे टक्क्याची खूण, दोन कंस आणि एक उलटं प्रश्नचिन्ह. पण सोलापुरात निम्म्या बापांची नावं ‘प्पा’ने संपतात, हे तिच्या कामी आलं. नावाच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणारी खूण म्हणजे ‘प्पा’, हे एकदा सापडलं, तशी सिद्रामप्पा, मल्लप्पा, शिवप्पा ही मंडळी धुक्यातून बाहेर यावीत तशी आली आणि त्यांच्या मागोमाग बाकीची अक्षरंही.

नंतर वजनं. ‘टेम्प टू’मध्ये एक वर्षाच्या बाळापुढे पंच्याण्णव लिहिलेलं होतं.

“माशाल्ला,” रहिमतुल्लाभाई पडद्यात डोकावून म्हणाले, “इसकू तो आखाड्यात भेजना था.”

“चाचा, ते साडेनऊ किलो असणार. त्यांनी दहाने गुणून ठेवलंय.”

“हौ? मग ठीक है. पर पंच्याण्णव में मजा था.”

असं एकेक कुलूप उघडत गेलं. ‘र’ नावाचा एक रकाना होता आणि त्यात शून्य ते तीन आकडे. भार्गवीला तो एखाद्या गंभीर रोगाचा वाटला. तिने भीत भीत बाईंना विचारलं. बाईंनी एका बाळाच्या छातीवरून स्टेथोस्कोप न काढताच सांगितलं, “र रडण्याचा. शून्य म्हणजे गप्प बसतो. तीन म्हणजे स्वतः रडतो आणि रांगेतल्या सगळ्यांना रडवतो. तीनवाल्यांना शेवटी घ्यायचं.”

राहता राहिली एक गोष्ट. बऱ्याच नावांच्या आधी एक छोटी चांदणी होती. काहींना होती, काहींना नव्हती.

“चाचा, हा स्टार कशाचा?”

“चांदणी है तो खास आदमी होगा, बेटी. हॉटेलला बघ की, जितक्या चांदण्या तितकं भारी.”

भार्गवीने बाईंनाही विचारलं. बाई वजनकाट्यावरच्या बाळाशी झटत होत्या. “असतील खास. माझ्याकडे येतात ते बहुतेक खासच असतात,” त्या म्हणाल्या.

बाळांच्या डॉक्टरच्या संगणकात बाळंच असणार, हे भार्गवीने गृहीत धरलं. जन्मतारखांचा रकाना तिने तपासला, पण त्यात तारीख आहे ना, एवढंच पाहिलं. तारीख किती जुनी आहे, हे पाहिलंच नाही. खरं तर अशा वेळी जुन्या मशीनवर स्वतः एखादं नाव भरावं, बटणं दाबावीत आणि फाइलमध्ये काय बदलतं ते पाहावं. हे तिला कळत होतं. पण मशीन इतकं घरघरत होतं, की त्याला पुन्हा चालू करणं तिच्या जिवावर आलं. तिने नव्या प्रोग्राममध्ये लिहून टाकलं, चांदणी म्हणजे खास, यांना आधी कळवावे.

रविवार हा दवाखान्यात डोस द्यायचा वार. शनिवारी संध्याकाळी भार्गवीने नवा प्रोग्राम बाईंच्या समोर सुरू केला. ज्याच्या नावापुढे एक जरी डोस रिकामा दिसेल, त्याच्या आईबापांना आपोआप मेसेज जाणार होता. मेसेज बाईंनी स्वतः सांगितला होता. ‘नमस्कार. आपले बाळ ... याचा डोस राहिलेला आहे. उद्या सकाळी न चुकता आणावे. दूध पाजून आणावे. सोबत जादा दुपटे आणावे.’ त्याखाली बाईंचं नाव आणि मध्ये बाळाचं. भार्गवीने बटण दाबलं. रहिमतुल्लाभाईंनी पेढे वाटले.

आता झालं असं होतं, की गेल्या काही वर्षांत नवीन नवीन लसी निघाल्या होत्या. जुन्या बाळांच्या वेळी त्या नव्हत्याच. त्यामुळे प्रत्येक जुन्या बाळापुढे दोन-तीन रकाने रिकामे होते आणि प्रोग्रामला रिकामा रकाना दिसला, की तो मेसेज पाठवून मोकळा होत होता. चांदणीवाल्यांना सगळ्यांत आधी.

त्याच वेळी पेठेच्या दुसऱ्या टोकाला मायाक्काच्या घरी पोह्यांच्या बशा फिरत होत्या. मायाक्काचा मुलगा अभिमन्यू नुकताच पोलिसात भरती झाला होता. त्याची सुपारी फुटली होती आणि साखरपुड्याची तारीख ठरवायला मुलीकडची मंडळी आली होती. मुलगी ज्ञानदा, तिची आई आणि तिचे मामा सिद्रामप्पा. मामांचा स्वभाव चौकस. त्यांनी येताच भिंतीची ओल आणि जिन्याच्या पायऱ्या बघून घेतल्या होत्या. मुलात मात्र त्यांना खोट सापडत नव्हती, म्हणून ते जरा अस्वस्थ होते.

मायाक्काचा फोन वाजला. तिला चष्मा सापडेना. तिने फोन जवळ बसलेल्या मामांकडेच दिला. “बगा ओ पावनं, कुनाचा हाय.”

मामांनी घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. “‘नमस्कार. आपले बाळ अभिमन्यू याचा डोस राहिलेला आहे. उद्या सकाळी न चुकता आणावे.’”

पोह्यांच्या बशा होत्या तिथे थांबल्या.

“कसला डोस?” मामांनी विचारलं.

अभिमन्यू म्हणाला, “मला काय माहीत? भरतीच्या वेळी सगळं तपासलंय की माझं.”

“मी तुमाला न्हाय, आईला विचारतोय. कसला डोस चालू हाय ह्यास्नी?”

मायाक्काने आठवून पाहिलं. तिच्या दृष्टीने प्रश्न फार सोपा होता. “मला कुटं म्हाईत? पर ‘न चुकता’ म्हंजे मालतीबाईच. त्या म्हनत्यात म्हंजे राहिला असंल की.”

“मालतीबाई कोण?”

“डाक्टर.”

ज्ञानदाच्या आईला ते नाव ओळखीचं वाटलं, पण तिने तोंड उघडायच्या आत मामांनी बशी खाली ठेवली. “डॉक्टर घरी निरोप धाडतात, न चुकता या म्हणतात, म्हंजे काहीतरी असल्याबिगर न्हाई. आमी बी येतो उद्या.”

“या की,” मायाक्का म्हणाली. “रांग असती, लवकर या.”

रविवारी सकाळी रहिमतुल्लाभाई दवाखाना उघडायला आले आणि कोपऱ्यावरच थांबले. त्यांना वाटलं, कुणीतरी गेलं. दवाखान्यासमोर रस्ताभर माणसं उभी होती. जवळ गेल्यावर दिसलं, की प्रत्येक आईच्या शेजारी एक उंच, अवघडलेला, मान खाली घातलेला तरुण नाहीतर तरुणी आहे. एकाला भरघोस दाढी होती. एक ट्रकचा ड्रायव्हर होता आणि ट्रक त्याने चौकातच आडवा लावला होता. एका मुलीने ऑफिसची बॅग पाठीला लावली होती आणि तिच्या आईने हातात खरोखरच एक दुपटं धरलं होतं.

“आई, मी स्वतः मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे,” एक जण दात आवळून म्हणत होता. “मला कुठलाही डोस राहिलेला नाही.”

“तू गप बस,” आई म्हणाली. “अजून पास व्हायचा आहेस. दूध पूर्ण प्यायलास ना?”

आत बाळांसाठी केलेल्या हत्तीच्या आणि ससोब्याच्या आकाराच्या खुर्च्या होत्या. थोड्याच वेळात त्या सगळ्या भरल्या. ड्रायव्हर ससोब्यात बसला, तो उठेना. उठवायला गेले तेव्हा कळलं, की उठता येत नाही. खरी बाळं मात्र बाहेर आयांच्या कडेवर राहिली. एवढी मोठी बाळं त्यांनी कधी पाहिली नव्हती, त्यामुळे ती रडायचं विसरली होती.

भार्गवी आली ती गर्दी पाहून खूश झाली. पहिल्याच दिवशी एवढा प्रतिसाद! मग तिने आत जाऊन एकाला विचारलं, “बाळ कुठंय?” त्याने आपल्याच छातीवर बोट ठेवलं.

ती धावत मागच्या खोलीत गेली. जुना संगणक चालू केला. तो खोकला, रेघा दाखवल्या, शेवटी चालू झाला. तिने एक खोटं नाव भरलं, भार्गवी चाचणी. फाइल उघडून पाहिली, चांदणी नाही. मग एकेक बटण दाबत गेली. वजन बदललं, चांदणी नाही. डोस भरला, चांदणी नाही. शेवटी ‘नाव काढून टाका’ हे बटण दाबलं. पडद्यावरून नाव गेलं. तिने फाइल पुन्हा उघडली. नाव तिथंच होतं, जसंच्या तसं. फक्त त्याच्या आधी एक छोटीशी चांदणी उगवली होती.

एवढ्यात बाई जिन्यावरून खाली उतरल्या. दारातल्या दाढीवाल्याकडे एकदा बघितलं आणि मागच्या खोलीत आल्या. “भार्गवी, हे काय आहे?”

“बाई,” भार्गवी पडद्यावर बोट ठेवत म्हणाली, “स्टार म्हणजे खास नाही. स्टार म्हणजे काढून टाकलेला.”

“काढून टाकलेला, मग आहे कसा?”

“हा प्रोग्राम काढत नाहीच काही. नुसती खूण करतो आणि पडद्यावर दाखवायचं बंद करतो. आत सगळे तसेच असतात.”

बाईंनी पडद्यावरची चांदणी वाकून पाहिली. “म्हणजे आमच्या रहिमतुल्लासारखं. कचरा काढला म्हणतो आणि दाराआड लोटून ठेवतो.”

“बाई!” दारातून रहिमतुल्लाभाई म्हणाले.

“माझं चुकलं, बाई. मी आधीच करून बघायला पाहिजे होतं. मी बाहेर जाऊन सगळ्यांना सांगते.” भार्गवीच्या डोळ्यांसमोर नातेपुते-सोलापूर एसटी फलाटाला लागत होती.

“तू थांब. माझं नाव आहे मेसेजखाली. मी सांगते.”

बाई बाहेर आल्या. गलका एकदम थांबला. दाढीवाल्याने नकळत पाय जुळवले. “हे बघा,” बाई म्हणाल्या, “संगणकाची चूक झाली आहे. तुमच्या मुलांचा कुठलाही डोस राहिलेला नाही. घरी जा.”

कुणीच हललं नाही. पुढच्या रांगेत सिद्रामप्पा उभे होते, ते एक पाऊल पुढे आले. “डॉक्टरबाई, मी ह्या पोलिसात लागलेल्या मुलाच्या होणाऱ्या सासरचा. चूक म्हणून सांगू नका. काल न चुकता या, आन आज काही न्हाई, हे मला पटत न्हाई. काय असंल ते तोंडावर सांगा. आमची पोरगी द्यायची हाय.”

“काही नाही म्हटलं ना.”

“तेच तर. काही नसतं तेव्हाच लपवत्यात.”

“अहो, तो पोलीस आहे. दिसतोय की ठणठणीत,” बाई म्हणाल्या.

“वरून दिसतोय,” मामा म्हणाले.

अभिमन्यू लालबुंद झाला होता. ज्ञानदा मामाकडे रागाने बघत होती. मायाक्का मात्र शांत. एकदा रांगेत उभं राहिलं, की नंबर आल्याशिवाय परतायचं नसतं, एवढं तिला माहीत होतं. तेवढ्यात ज्ञानदाच्या आईने वेळ पाहायला म्हणून पिशवीतून फोन काढला. तो कालपासून बंद होता. चालू करताच टुणकन वाजला. तिने मेसेज वाचला आणि घाईघाईने फोन परत पिशवीत टाकला.

मायाक्काची नजर चष्म्याशिवायही तीक्ष्ण होती. “काय आलं ओ इनबाई?”

“काही नाही. असाच.”

“मग दडिवला कशाला? द्या हिकडं.” तिने फोन घेतला आणि शेजारच्या दाढीवाल्याला दिला. “वाच रे बाळा.”

दाढीवाल्याने मोठ्याने वाचलं. “‘नमस्कार. आपले बाळ ज्ञानदा हिचा डोस राहिलेला आहे...’”

मायाक्का मामांकडे वळली. पदर खोचला आणि अगदी त्यांच्याच चालीत विचारलं, “कसला डोस?”

दवाखाना असा हसला, की बाहेरच्या बाळांना एकदम आठवण झाली आणि ती रडायला लागली. मामा नुकत्याच मोकळ्या झालेल्या हत्तीच्या खुर्चीवर जाऊन बसले.

बाईंनी त्या दोघांकडे नीट बघितलं. “थांब, थांब. तू मायाक्काचा अभी. आणि तू ती ज्ञानदा, पेठ सोडून गेलेली. अरे, तुम्ही दोघं याच बाकावर एकमेकांच्या झिंज्या उपटायचात. तुम्हाला वेगवेगळ्या वेळा दिल्या होत्या मी!”

ज्ञानदा आणि अभिमन्यूने एकमेकांकडे पाहिलं. ओळख पटल्यासारखं काही दिसेना, पण दोघांचेही हात आपापल्या केसांकडे गेले.

“बरं, आता आलाच आहात तर ऐका,” बाईंनी आवाज चढवला. “धनुर्वाताचं इंजेक्शन दर दहा वर्षांनी घ्यायचं असतं. तुमच्यापैकी किती जणांनी घेतलंय?”

सगळ्यांनी छताकडे बघितलं. मेडिकलच्या शेवटच्या वर्षाच्या मुलानेही.

“वाटलंच मला. रहिमतुल्ला, मेडिकलमधून असतील तेवढी आण. कुणी बळजबरी नाही. ज्याला घ्यायचंय त्याने बाही वर करून रांगेत यायचं.”

बळजबरी नाही, हे वाक्य आयांच्या कानापर्यंत पोचलंच नाही. त्यांनी बाह्या वर करायला सुरुवातही केली होती. ज्ञानदाने हात पुढे केला, सुई गेली, ती खिडकीबाहेर बघत होती ती बघतच राहिली. मग अभिमन्यू आला.

भार्गवी कोपऱ्यात लॅपटॉप उघडून बसली होती. तिने घाईने बाईंच्या कानाशी वाकून सांगितलं, “बाई, याच्यापुढे र तीन आहे.”

“काय आहे?” मामांनी लगेच विचारलं.

“काही नाही,” बाई म्हणाल्या. “अभी, तू शेवटी ये.”

“मी पोलीस हाय, बाई,” अभिमन्यू छाती काढून म्हणाला. “द्या की आत्ता.”

बाईंनी सुई हातात घेतली. अभिमन्यूने सुईकडे बघितलं. त्याचे ओठ पांढरे झाले, गुडघे वाकले आणि साडेसहा फुटी वाटणारा तो गडी ससोब्यात अडकलेल्या ड्रायव्हरच्या मांडीवर सावकाश आडवा झाला. बाईंनी तेवढ्यात टोचून टाकलं. मायाक्का पदराने वारा घालत म्हणाली, “हे असंच ओ त्याचं, लहानपनापासनं.”

मामांना अखेर खोट सापडली होती. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. “बघ गं ज्ञानदे. पोलीस म्हणं! सुईला भितोय. अजून इचार कर.”

ज्ञानदा अभिमन्यूच्या तोंडावर पाणी मारत होती. ती मान वर न करता म्हणाली, “केला विचार. मला कशाचीच भीती वाटत नाही, मामा. घरात एकानं तरी घाबरायला पाहिजे की.”

साखरपुड्याची तारीख तिथेच ठरली. ड्रायव्हरला ससोब्यातून काढायला चार जण लागले. त्याचा ट्रक हलला तेव्हा पेठेतली वाहतूक सुटली आणि दुपारपर्यंत दवाखाना रिकामा झाला. दोन-तीन जुनी बाळं तर जाता जाता आपल्या बाळांची नावं घालून गेली. भार्गवीला हायसं वाटलं. पण मनाला स्वस्थता नव्हती. चूक झाली, तर ती रीतसर दुरुस्त झाली पाहिजे, अशी तिची शिस्त. शिवाय जे आज आले नाहीत ते उद्या आले तर? तिने चांदणीवाल्या सगळ्यांना दुसरा मेसेज तयार केला. या वेळी प्रत्येक शब्द तपासला. ‘कालचा मेसेज चुकून आला होता. कृपया दुर्लक्ष करावे. आपले नाव दवाखान्यातून पूर्वीच काढून टाकलेले आहे. क्षमस्व.’ तिने बाईंना दाखवला. बाई दमल्या होत्या. “पाठव,” म्हणाल्या.

सोमवारी सकाळी भार्गवी कोपऱ्यावर वळली आणि तिथेच उभी राहिली. कालच्यापेक्षा मोठी गर्दी होती. काल न आलेलेही आज आले होते. या वेळी मुलं कमी आणि आया जास्त होत्या. कुणाच्याही हातात दुपटं नव्हतं आणि कुणीही हसत नव्हतं.

बाई दारात उभ्या होत्या. सगळ्यांत पुढे मायाक्का.

“आता काय झालं, मायाक्का? काल टोचलं ना त्याला?”

“टोचलं त्येचं काय न्हाय ओ. चार येळा टोचा.” मायाक्काने फोन बाईंच्या नाकासमोर धरला. “ह्ये काय लिवलंय? शेजारच्या पोरीकडनं दोनदा वाचून घेतलं. म्हनं, नाव काढून टाकलंय! कुनाला इचारून काढलं?”

“अगं, बारा वर्षांनंतर काढतोच आम्ही.”

“सांगितलं व्हतं का आमाला? मी आपली समजत हुते, बाईंकडं नाव हाय आपल्या पोराचं. लोकांची पोरं नाव काढत्यात, बाई. माजं पोरगं आत्ता कुटं पोलीस झालं, नाव काढायला लागलं, तर त्येच्या आदी तुमीच काढलं व्हय!”

मागून आवाज आले. “आमचं पण काढलंय!” “माझ्या तिन्ही मुलांची!” “दुर्लक्ष करा म्हणे! आम्ही कधी केलं का बाईंकडे?”

रहिमतुल्लाभाईंनी टोपी काढून डोकं खाजवलं. काढून टाकण्याचं बटण आजवर त्यांनीच दाबलं होतं. ते हळूच वजनकाट्यामागे सरकले.

बाईंनी त्या गर्दीकडे पाहिलं. हयातभर त्यांनी या बायकांना बोलावलं होतं आणि त्या आल्या होत्या. आज पहिल्यांदाच न बोलावता आल्या होत्या. बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. “भार्गवी,” त्या म्हणाल्या, “लॅपटॉप आण बाहेर. एकेकाचं नाव घालून घे.”

“पण बाई, ही तर मोठी...”

“मी सांगतेय ना. घाल.”

भार्गवी पायरीवर बसली आणि तिने पहिलं नाव टाइप केलं. अभिमन्यू. मायाक्काने वाकून पडद्यावरची अक्षरं बघितली, चष्म्याशिवाय तिला ती दिसली नाहीत, तरी मान डोलावली. पण ती बाजूला होईना.

“आता काय राहिलं, मावशी?”

“अन माजं बी घाल की,” मायाक्का म्हणाली. “जितक्या येळा त्यो आला, तितक्या येळा मी बी आलेच की हितं.”

ते ऐकताच मागच्या सगळ्या आया एकदम पुढे सरकल्या.